मायचं बोचकं

भुसावळला स्टेशनच्या जवळ आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. समोरच्या बंद गाळ्याच्या ओट्यावर एक म्हातारी राहते, सगळे तिला माय म्हणतात म्हणून मी पण माय. धुळ्याकडची आहे, अहिराणी बोलते, सुरत लाईनच्या पॅसेंजरनं आली आणि इथंच राहिली. मुलगा सुरतला कामाला गेलेला, आपल्या खान्देशातले घरटी एक जातात तसा. पुढचं ती सांगत नाही, मी पण खोदून विचारत नाही.

पहिले सहा महिने आमची ओळख म्हणजे मी सकाळी चहा द्यायचे, ती घ्यायची, बास. मग एक दिवस मी कप पुढे केला तर तिनं तो हवेत चाचपत चाचपत धरला, तेव्हा कळलं की डाव्या डोळ्यानं तिला दिसतच नाही. बाहुलीवर सरळ पांढरं दिसत होतं. म्हटलं माय, सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं, जळगावला दोन दिवसांचं काम, मी येते सोबत. नाही म्हणाली. मी रोज विचारायचे आणि ती रोज नाही. मला वाटलं डोळ्याला हात लावू द्यायला घाबरते, मी तिला ऑपरेशन कसं सोपं असतं ते समजावत बसले. शेवटी एकदा आवाज चढवून विचारलं तर म्हणते, "आनि मन्हं बोचकं कोन सांभाळी व माय?"

मी गप्पच झाले. समोर राहते ती बाई, इतके दिवस बघतेय, आणि मला हे दिसलं नाही.

जुन्या लुगड्यात बांधलेलं बोचकं, त्यात अल्युमिनियमचा डबा, दोन लुगडी, फणी, गोळ्यांची पाकिटं. संडासला जायचं तर ते उचलून. नळावर तोंड धुवायचं तर एक पाय त्याच्यावर ठेवून. आंघोळ तर किती दिवसांनी, कारण कपडे बदलायचे तर दोन्ही हात लागतात ना. आदल्या वर्षी ती पाणी भरायला गेली तेवढ्यात साफसफाईवाल्यांनी ओटा मोकळा केला आणि आधीचं बोचकं कचऱ्याच्या गाडीत गेलं. आधार कार्ड गेलं, पासबुक गेलं. रेशनकार्ड कमरेच्या पिशवीत होतं म्हणून तेवढं वाचलं.

म्हटलं माझ्या दुकानात ठेव. आठ दिवस ऐकलं नाही. मग मे महिन्यात, आपल्याकडचा मे माहितीच आहे, पंचेचाळीसच्या वर पारा, दुपारी तिनं ते आणून काउंटरखाली ठेवलं आणि स्वतः समोर ओट्यावर बसून तासभर माझ्या काउंटरकडेच बघत राहिली. दुसऱ्या दिवशी दोन तास. चौथ्या पाचव्या दिवशी ठेवलं आणि शेजारच्या वहिनींच्या मोरीत जाऊन डोक्यावरून आंघोळ करून आली, केस ओले, आणि पहिल्यांदा मला म्हणाली, "तू जेवनी का?" आमची दोस्ती खरी तिथून सुरू झाली असं मी धरते.

डिसेंबरात लोक ब्लँकेट वाटायला येतात, चांगल्या मनानं येतात, पण मायकडे एका आठवड्यात तीन ब्लँकेटं आली आणि ती दोन वाटून मोकळी झाली कारण उचलून नेणार कुठे? कोणी विचारलं असतं तर तिनं चप्पल मागितली असती. केळीच्या गाड्या भरणारा एक दादा तिथंच झोपतो, त्याला फक्त मोबाईल चार्ज करायला जागा पाहिजे होती, कारण मुकादमाचा फोन आला नाही की त्या दिवसाची मजुरी गेली. आता माझ्या बोर्डाला रात्री दुकान बंद होईपर्यंत तीन चार फोन लागलेले असतात. लाईटबिलात काय फरक पडतो, काही नाही.

झेरॉक्सवाली आहे तर मी अजून एक सुरू केलं, ज्याच्याकडे जो कागद असेल त्याच्या दोन झेरॉक्स काढून फाईलला लावते, फाईल दुकानातच. मायचं आधार परत काढायला आम्ही तीनदा केंद्रावर गेलो, बोटं इतकी झिजलेली की ठसाच उठत नव्हता. तिसऱ्यांदा उठला. आता श्रावणबाळचा फॉर्म भरलाय, म्हाताऱ्या निराधारांची सरकारी पेन्शन, महिन्याला १५०० रुपये, पण त्याला पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो, आणि ओट्यावर राहणाऱ्या माणसानं पुरावा आणायचा कुठून? तिच्या गावच्या तलाठ्याकडे निरोप धाडलाय.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर माणसं मोजली होती, देशभरात १७ लाख ७० हजारच्या वर भरली. माय त्यात नव्हती. तेव्हा तिला घर होतं, एवढं एक तिनं सांगितलंय. शहरात एक लाख वस्तीमागे किमान शंभर जणांसाठी कायमचा निवारा पाहिजे असा नियम २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात घालून दिला होता, आणि त्याच जनगणनेत भुसावळ पावणेदोन लाखाच्या वर होतं. हिशोब तुम्हीच करा आणि आपापल्या नगरसेवकाला विचारा, मी विचारतेय.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. जाताना बोचकं तिनं स्वतः काउंटरखाली नेऊन ठेवलं, वर माझी ओढणी झाकली. दोन दिवसांनी काळा चष्मा लावून परत आली ती ओट्याकडे न जाता सरळ दुकानात. खाली बसली, गाठ सोडली, डबा उघडला, लुगडी मोजली, चष्मा वर करून फणीसुद्धा बघितली. मग परत गाठ मारली आणि पायानं बोचकं आत सरकवून म्हणाली, "ऱ्हाऊ दे तठेच."