खालून बघितलेली माडी

परवा दुपारी बेसमेंटमधे कपड्यांच्या घड्या घालत होते तर नवऱ्याच्या धुतलेल्या पांढऱ्या शर्टावर वरून भुसा पडला. थोडासाच, चिमूटभर, रेडिएटरच्या पाइपसाठी भोक पाडलंय ना त्यातनं. वर हॉलमधे तो स्वतःच ड्रम सँडर (लाकडी जमीन घासायचं मशीन) घेऊन घुमत होता, भाड्याचं, संध्याकाळपर्यंत परत द्यायचं, त्यामुळे चहाला सुद्धा थांबायला तयार नाही. मी वर बघितलं. आमच्या बेसमेंटला सीलिंग वगैरे काही नाहीये, १९५२ सालचं न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं साधं घर, सरळ तुळया दिसतात आणि त्यांच्यावर तिरक्या मारलेल्या फळ्या. आणि मला एकदम वाई आठवली.

वाईला आजोळी माडी होती. सागवानी फळ्या, आणि दोन फळ्यांमधे आठ आण्याचं नाणं उभं जाईल एवढी फट (गेलेलं आहे, माझंच). आम्ही मुलं वर, आजोबा खाली. त्यांचं जेवणाचं पान नेमकं आमच्या पत्त्यांच्या डावाखाली असायचं आणि कोणी हुकूम जोरात आपटला की त्यांच्या वरणात धूळ. ते ओरडायचे नाहीत. शेजारी ठेवलेली छत्री उचलून तिच्या टोकाने खालून दोनदा ठोकायचे, ठक ठक, की आम्ही असू तिथे पुतळे. मामी एकदा म्हणाली मी पान जरा भिंतीकडे मांडते, तर म्हणाले जागा माझी आहे, हलायचं त्यांनी. दुपारी मात्र मला खालीच आवडायचं. आडवं पडलं की वरच्या फटींतनं उजेडाच्या रेघा दिसायच्या आणि माडीवर कोणी चाललं की एकेक रेघ विझत जायची. विझण्याच्या स्पीडवरनं माणूस ओळखता यायचा.

असो. तर इथलं लाकूड आम्हाला सापडलं ते कोटांच्या कपाटात. कार्पेटचा कोपरा सुटला होता म्हणून पकडीने ओढला तर खाली रेड ओक, सव्वादोन इंची पट्ट्या, पाऊण इंच जाड. एवढं झाकून वर ते भुऱ्या रंगाचं कार्पेट कोणी आणि का घातलं असेल हा विचार मी स्टेपल्स उपसताना दोन शनिवार-रविवार केला. कार्पेट निघतं अर्ध्या तासात, पण खालच्या स्टेपल्स काढणं म्हणजे गुडघ्यांवर बसून तांदूळ निवडणं, आणि निवडून झालेत म्हणावं तर पायाला टोचतंच एखादी.

रेडिएटरजवळ एक काळा गोल डाग होता, कुणाची तरी वर्षानुवर्षं झिरपलेली कुंडी. ओकमधे टॅनिन असतं, त्याला पाणी आणि लोखंड मिळालं की काळं पडतं, विळीवर चिरलेलं कच्चं केळं पडतं तसंच. ऑक्झॅलिक ॲसिड लावून बघितलं, अर्धा गेला. उरलेल्या अर्ध्यावर सोफा येणार आहे.

सँडिंगचं एक शास्त्र आहे, आधी ३६ नंबरचा पेपर, मग ६०, मग १००. मधला गाळला तर आधीचे ओरखडे राहतात आणि ते दिसतात पॉलिश चढल्यावर, म्हणजे काही करता येत नाही तेव्हा. नवऱ्याने मधला गाळायचा विषय काढला होता. मी नुसतं बघितलं.

रंगावरनं मात्र खरं भांडण झालं. कोपऱ्यात सहा शेड लावून बघितल्या, एक करपलेल्या पोळीसारखी, एक जुन्या गुळासारखी, बाकीच्या चार मला एकच वाटल्या आणि नवऱ्याला चार वेगळ्या दिसल्या. शेवटी रंगच नको, नुसतं पॉली, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, तेही ऑइलवालं. वॉटरवालं पारदर्शक राहतं आणि ऑइलवालं वर्षं जातात तसं पिवळं होत जातं म्हणे, तो तोटा म्हणून सांगतात. मला ते पिवळेपणच हवं होतं, का ते तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून "बजेट" म्हणाले.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली छान आहे, आता वर फरशी कधी बसवणार? म्हटलं अगं हीच. मग पुसायची कशी? कोरड्या मॉपने. म्हणजे पाणी कधीच नाही? जवळजवळ नाही. थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, आणि सणासुदीला?

वाईचं घर पाडलं तेव्हा मी इथेच होते. मामाचा फोन आला होता की माडीचं लाकूड घेणारा आलाय, घनफुटाने भाव सांगतोय, तुला काय ठेवायचंय का. मी ऑफिसमधे होते, मीटिंग होती, म्हटलं मामा तुम्ही बघा काय ते. एक फळी ठेव म्हणाले असते तर ठेवली असती त्याने, मामा तसा आहे.

वर मशीन बंद झालं. खालून ठोकायला छत्री शोधली तर ती गाडीत.

शर्ट परत धुवायला टाकला.