भुऱ्याची पाठ आणि माझे तेलाचे उद्योग

गेल्या दिवाळीनंतर भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला की तळव्याला कोंडा लागायचा. आमचा हा गावठी कुत्रा बारा किलोचा. जेवण म्हणजे दूध-पोळी, कधी वरण-भात. केस केरसुणीसारखे राठ झाले होते. आईने खोबरेल तेल चोळलं. भुऱ्याने ते चाटून साफ केलं आणि दुसऱ्या दिवशी अंगणात आम्हाला निस्तरायला लावलं.

मग माझं शहाणपण. जवसात ओमेगा-३, म्हणजे कातडी-केसांना चांगली म्हणतात ती चरबी, असते एवढं कळल्यावर मी त्याच्या पोळीवर जवसाचं तेल घालू लागले, ठमी मांजरीच्या वाटीतही थोडं. चटणी घातली नाही हे नशीब. तिच्यातला लसूण दोघांनाही बाधतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. महिना गेला, फरक काही नाही. उलट भुऱ्या शेपटीच्या बुडाशी चावून चावून कातडं लाल करू लागला.

डॉक्टरांनी माझं तेलपुराण अर्ध्यातच थांबवलं. बारीक दातांची फणी बुडाशी फिरवली आणि निघालेले काळे कण ओल्या कापसावर टेकवले. तांबूस डाग पसरले. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच! आणि मी तेल पाजत होते. मानेवर सोडायचं औषध दोघांना वेगवेगळं मिळालं. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं; ते मांजराच्या जिवावर बेततं. अंथरुणं, गोणपाट, सोफ्याची कव्हरं, सगळं गरम पाण्यातून काढलं. पिसवांची अंडी तिथेच पडतात.

तेल आलं ते त्यानंतर. जवसातलं ओमेगा-३ कामाच्या रूपात बदलणं कुत्र्याला फारसं जमत नाही, मांजराला तर जवळजवळ नाहीच. त्यांना ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ची कामाची रूपं तयार लागतात, आणि ते माशाच्या तेलात असतात. चकाकीला मात्र लिनोलेइक आम्ल हवं, ते आपल्या करडईच्या तेलात भरपूर. दूध-पोळीवरच्या कुत्र्याला तेच कमी पडत होतं. म्हणून भुऱ्याच्या जेवणात अंडं आणि छोटा चमचाभर करडईचं तेल आलं.

औषधाच्या दुकानात माशाच्या तेलाच्या कॅप्सूलच्या बाटलीवर मी ‘१००० मिलीग्रॅम’ बघून खूश झाले. मागे बारीक अक्षरांत ईपीए १८०, डीएचए १२०. म्हणजे कामाचे ३००च. कॉड लिव्हरच्या, म्हणजे कॉड माशाच्या यकृताच्या तेलाच्या, पिवळ्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी बजावून टाळायला सांगितल्या. त्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व अंगात साठत जातं. भुऱ्याला रोज एक कॅप्सूल, ठमीला टाचणीने टोचलेल्या कॅप्सूलमधले सात-आठ थेंब. सुरुवात निम्म्याने केली, खोबरेलाचा धडा ताजा होता.

तीन आठवड्यांत खाज थांबली, पण ते श्रेय पिसवांच्या औषधाचं. केसांना आठ आठवडे लागले. नवा केस उगवून वर यायला वेळ जातोच. आता पाठ हाताला गुळगुळीत लागते. ठमीच्या केसांत मला काही फरक दिसला नाही, ती आधीच तुकतुकीत होती. बाटली फ्रिजमध्ये ठेवते, खवट वास आला की फेकून देते.

शाकाहारी आई फ्रिज उघडताना नाक धरते. पण रोज संध्याकाळी भुऱ्याला फणी तीच करते, आणि फणी ओल्या कापसावर टेकवून चष्मा लावून बघते.