पुरणपोळीचा वास, आंबिलीची चव

आमच्या नौपाड्यातल्या घरी ओट्याच्या कोपऱ्यात काचेची एक बरणी असते. तोंडावर जुन्या पंचाचा तुकडा, रबरबँडने आवळलेला. आत कोरा चहा आणि त्यावर बोटभर जाडीची, पांढुरकी, बुळबुळीत साय. आई तिला ‘तुझी ती गोगलगाय’ म्हणते आणि दुधाचं पातेलं त्या बाजूला फिरकूसुद्धा देत नाही.

हा कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा. खालच्या वहिनींनी विरजण द्यावं तसा सायीचा तुकडा आणि थोडं आंबट पाणी वाटीतून आणून दिलं. “मरू देऊ नका हं भावजी,” एवढीच सूचना. लिटरभर चहात 80 ग्रॅम साखर विरघळवायची, पुरता गार झाला की हे विरजण सोडायचं. पुढचं आतली मंडळी बघतात. यीस्ट साखर फोडून तिची किंचित दारू करतं, जिवाणू त्या दारूचं आम्ल करतात आणि जोडीला ती साय विणतात. (दारूचा विषय आईसमोर अजून निघालेला नाही.) एरवी याला 7 ते 10 दिवस लागतात. ठाण्याच्या एप्रिलात पाचव्या दिवशीच वास नाकात झिणझिणतो. आणि जपानात ‘कोंबुचा’ मागितलात, तर म्हणे समुद्री शेवाळाचा खारट चहा पुढ्यात येतो. आपल्या या पेयाला तिथे ‘चहाची अळंबी’ अशा अर्थाचं वेगळंच नाव आहे.

खरी मजा बाटलीत भरताना. साय बाजूला काढायची, चहात काहीतरी गोड-सुवासिक घालायचं आणि घट्ट बूच लावून दोन दिवस बाहेर ठेवायचं. लोक आलं घालतात, स्ट्रॉबेरीसारखी फळं घालतात. मी पुरणाचा मसाला घातला: गूळ, वेलदोडे, किसलेलं जायफळ, केशराच्या चार काड्या. डाळ अर्थातच नाही. पहिल्या खेपेला गूळ लिंबाएवढा पडला. बूच सैल करताच फेस थेट पंख्याला. आई जपमाळ खाली न ठेवता म्हणाली, “होळी झाली ना रे मागच्या महिन्यात?”

आता सुपारीएवढाच गूळ, रात्रभर फ्रिज, आणि बूच उघडायचं ते चोरासारखं.

रात्रीची जेवणं आटोपली की पेला घेऊन मी गॅलरीत बसतो. नाकापाशी नेला की सणाची दुपार: पुरण शिजतंय, वेलची कुटली जातेय. घोट घेतला की जीभ म्हणते, ही तर आंबील! दोघांचं भांडण मिटेपर्यंत घोट गेलेला असतो, आणि मग घशामागून जायफळ सावकाश वर येतं. चव म्हणतो त्यातलं किती नाकाचंच असतं, ते तेव्हा कळतं. तुपाची धार तेवढी कमी पडते. ती मी मनातल्या मनात सोडतो. एका पेल्यावर थांबतो. पुरणपोळीच्या बाबतीत हे मला कधीच जमलेलं नाही.

आईने एकदाच चाखला. “पुरण आंबलंय तुझं,” म्हणाली आणि पेला परत केला. रिकामा.

गेल्या रविवारी ती कोपरीला मावशीकडे निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत झाकणाची वाटी दिसली. बरणीतली साय एका बाजूने नीट कापलेली होती.

“नुसती दाखवायला नेतेय,” ती चपला घालत म्हणाली.