चौथ्या चालीला ई६

गेल्या रविवारी नागपुरातल्या एका खुल्या स्पर्धेत मी एक डाव सातव्या चालीलाच हरलो, सोडला मात्र बत्तिसाव्या चालीला. बुद्धिबळ खेळतो म्हटले की या शहरात समोरचा माणूस लगेच दिव्या देशमुखचे नाव काढतो. २०२५ चा महिला विश्वचषक जिंकणाऱ्या मुलीच्या गावात असला डाव उघड करायला थोडे धाडसच लागते.

माझ्याकडे काळी मोहरी होती. समोरच्याने राजापुढचे प्यादे ई४ या घरात आणले की मी अनेक वर्षे कारो-कान बचावानेच उत्तर देतो: आधी सी६, मग डी५. ई४ ला ई६ ने उत्तर देणाऱ्या फ्रेंच बचावात जो पांढऱ्या घरांचा उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो, तो येथे ई६ खेळण्यापूर्वी बाहेर काढता येतो, हे मला या बचावाचे मुख्य आकर्षण. समोरच्या निवृत्त गृहस्थांनी तिसऱ्या चालीला ई५ ढकलले, मी उंट एफ५ वर आणला आणि त्यांनी एच४ खेळले.

बहुतेक जण येथे घोडा एफ३ वर काढतात आणि त्यावर ई६ हे बिनधोक उत्तर असते. माझा हात सवयीने ई६ कडेच गेला. गृहस्थ सहा मिनिटे विचारात पडले, तेव्हा मी निवांत पाणी पिऊन आलो. परत आलो तर पटावर जी४. उंट ई४ वर गेला, एफ३ ने त्याला जी६ वर हाकलले आणि एच५ येताच त्याच्या सगळ्या वाटा संपल्या, कारण परतीची वाट माझ्याच ई६ ने आधीच बंद केली होती आणि एच७ वरही माझेच प्यादे उभे होते. जाता जाता त्याने सी२ चे प्यादे तेवढे घेतले.

एच४ ही चाल काही नवी नाही. १९६१ च्या विश्वविजेतेपदाच्या पुनर्लढतीत ताल यांनी ती बोटविनिक यांच्याविरुद्ध खेळली होती. त्यावर काळ्याचे आज सर्रास दिले जाणारे उत्तर एच५ : जी५ चे घर कमजोर होते, पण जी४ ची धार जाते. माझ्या वहीत ते लाल शाईने लिहिलेले आहे.

डावानंतर मी त्यांना त्या सहा मिनिटांबद्दल विचारले.

"तुम्ही ई६ इतक्या झटक्यात खेळलात," ते म्हणाले, "की मला वाटलं, मीच कुठेतरी फसतो आहे."