पूर्वेचा डाग बाद; पुढचा हंगाम रडारवर

पूर्वेचा डाग अखेर बाद झाला. गणपती उठल्यापासून मी ज्याच्यामागे लागले होते, तो उपग्रहाच्या चित्रांत अंटार्क्टिकातल्या अमांडा बेच्या पूर्वेला किनाऱ्याच्या बर्फावर दिसणारा तपकिरी पट्टा म्हणजे हिमनगाच्या पाठीवरची खडकाची भुकटी निघाली. विष्ठेचा डाग असेल असं वाटत होतं, पण एम्परर पेंग्विनची वसाहत तिथे नाही. मन खट्टू झालं. पण तो ज्या रीतीने बाद झाला, ती रीत फार उपयोगाची आहे, म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

आधीच्या नोंदींतलं सगळं पुन्हा सांगत नाही, फक्त धागा जोडून घेते. एम्परर किनाऱ्याला घट्ट धरून राहिलेल्या समुद्री बर्फावर, म्हणजे आपल्या स्थिर बर्फावर, वसाहत मांडतात. मार्च-एप्रिलमध्ये जमतात, मे-जूनमध्ये मादी एकच अंडं घालते, नर ते पायांवर घेऊन सुमारे 65 दिवस उपाशी उभा राहतो, आणि पिल्लं समुद्रात उतरायला डिसेंबर उजाडतो. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाचा पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, 10 मीटरचा. थंडीत दाटीवाटीने उभे असलेले एम्परर एका चौरस मीटरला दहापर्यंत मावतात, म्हणजे एका पिक्सेलात हजारेक पक्षी सहज बसतील. तेव्हा पक्षी शोधायचाच नाही, त्याच्या विष्ठेचा डाग शोधायचा. पीटर फ्रेटवेल आणि फिल ट्रॅथन या ब्रिटिश संशोधकांनी 2009 मध्ये लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांत असेच डाग हेरून 10 नव्या वसाहती दाखवून दिल्या. 2020 पर्यंत सेंटिनेल-2 मुळे एकूण आकडा 61 वर गेला आणि त्यानंतर सापडलेल्या वसाहती धरून 2024 मध्ये तो 66 झाला.

माझी कसोटीची जागा अमांडा बेच आहे. आपल्या भारती तळापासून ती सरळ रेषेत 30 किलोमीटरच्या आसपास. गोव्यात वास्कोला ज्या ध्रुवीय संशोधन केंद्राची इमारत आपण पाहतो, तिथून चालणारा हा तळ लार्समन टेकड्यांत आहे. अमांडा बेच्या एका बाजूला फ्लॅटनेसची हिमजिव्हा, दुसऱ्या बाजूला होव्ह्डे हिमनदी, आणि आतल्या कोपऱ्यात वसाहत. अंटार्क्टिक करारानुसार हे क्षेत्र विशेष संरक्षित आहे. इथला डाग खरा आहे हे पक्कं ठाऊक असल्यामुळे कुठलंही नवं सूत्र आधी इथे चालवून बघायचं आणि मगच पुढे जायचं.

आता सावल्यांचा प्रश्न. तो या हंगामात सुटला आणि त्याचं समाधान अजून टिकून आहे. विषुवदिनाच्या सुमाराला तिथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजावर वीस-एकवीस अंशच चढतो. प्रत्येक हिमनगाची लांबच लांब सावली पडते आणि ताणलेल्या, म्हणजे उजेड-अंधारातला फरक वाढवलेल्या, चित्रात ती डागासारखीच काळपट दिसते. पहिली चाळण लाल भागिले निळा, म्हणजे उपग्रहाच्या रंगपट्ट्यांच्या नावांत बी4 भागिले बी2. सावलीवर फक्त आकाशाचा निळा उजेड पडतो, त्यामुळे तिथे हे गुणोत्तर खाली जातं. विष्ठेवर ते वर जातं. दुसरी चाळण त्याहून सुरेख आहे. इतक्या दक्षिणेला शेजारच्या कक्षांचे पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणून एकच जागा थोड्या दिवसांच्या अंतराने वेगवेगळ्या कक्षांतून, थोड्या वेगळ्या वेळी दिसते. त्यामुळे सूर्याची दिशाही काही अंश बदललेली असते. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून उघडझाप केली की सावल्या थोड्या वळतात आणि डाग जागच्या जागी राहतो. अमांडा बेवर हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

पूर्वेचा डाग या दोन्ही चाळण्यांतून सहीसलामत पार झाला होता, आणि खरी अडचण तिथेच सुरू झाली. कारण खडकाची भुकटीही तांबूसच असते. बर्फाच्या पोटात वाढणारं शेवाळ, उलटलेल्या लादीवर उघडं पडलेलं, तेही तपकिरीच. लाल-निळ्याचं गुणोत्तर या तिघांना वेगळं करत नाही. मी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडाचे पट्टेही, बी8 आणि बी11, घेऊन पाहिले. बी11 ढग आणि बर्फ वेगळे करायला उत्तम, कारण त्याच्या 1.6 मायक्रॉनच्या तरंगलांबीला बर्फ काळा पडतो आणि पाण्याच्या थेंबांचा ढग उजळ राहतो. पण त्याचा पिक्सेल 20 मीटरचा, आणि एवढ्याशा डागाच्या कडा त्यात विरून जातात. रंगावरून निकाल लागणार नाही हे मान्य करायला मला बराच काळ लागला, कारण प्रत्येक नव्या सूत्राने थोडी आशा दाखवली.

निकाल लागला तो आकारावरून आणि काळावरून. अमांडा बेची सप्टेंबर ते नोव्हेंबर अशी सगळी स्वच्छ चित्रं ओळीने लावली. सुरुवातीला डाग एकसंध, आटोपशीर आणि गडद. ऑक्टोबरात तो पसरायला लागतो. पिल्लं मोठी होतात, घोळका सुटतो, पक्षी घाण झालेला बर्फ सोडून स्वच्छ बर्फावर सरकतात. नोव्हेंबरात एकाचे अनेक डाग झालेले असतात, काही फिके, काही ताजे. मध्ये बर्फ पडला की सगळं पांढरं होतं, आणि चार-आठ दिवसांनी नवा डाग जुन्याच्या शेजारी उगवतो, नेमका त्याच रेषेवर नाही. जिवंत वसाहतीची ही चाल आहे.

पूर्वेचा डाग मात्र हललाच नाही. सप्टेंबरात जी दातेरी कड, तीच नोव्हेंबरात. हिमवर्षावानंतर वाऱ्याने बर्फ उडवून नेला की त्याच कडा परत उघड्या. तेव्हाच शंका घट्ट झाली होती. मग मागच्या वर्षीचं चित्र काढलं आणि तिथे तोच आकार, तोच मधला बाक, तीच शेपटी दिसली. फक्त किनाऱ्याच्या जवळ आणि थोडी फिरलेली. हिमनदीने खरवडून आणलेला खडक, तिच्यापासून सुटलेला हिमनग आणि त्याला धरून ठेवणारा समुद्री बर्फ. प्रकरण संपलं. ज्यांच्याकडे असे संशयित डाग पडून आहेत त्यांनी आधी मागच्या वर्षात जाऊन बघावं. रंगाच्या सूत्रांत रात्री घालवण्याआधी हे करावं.

साधनांबद्दल थोडं. ढग आहे की नाही हे बघायला नासाचं वर्ल्डव्ह्यू हे संकेतस्थळ अजूनही सगळ्यांत चपळ. रोजचं चित्र मिळतं, भरड असलं तरी. सेंटिनेलची चित्रं उतरवून घ्यायला कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ, जुळवायला क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्राम. तिन्ही फुकट, आणि या छंदाला यापेक्षा जास्त लागत नाही असं माझं ठाम मत आहे. सप्टेंबरसाठी एल2ए, म्हणजे वातावरणाचा परिणाम काढून टाकलेलं चित्र, न वापरता एल1सी, म्हणजे ती दुरुस्ती न केलेलं, घ्या. वातावरणाची दुरुस्ती करणारी प्रणाली सूर्य इतका खाली असताना भरवशाची राहत नाही. लँडसॅट मला जुन्या वर्षांसाठी हवा असतो, पण 30 मीटरच्या पिक्सेलात लहान वसाहत हरवते. स्क्रीनवर मात्र पैसे घाला. मी घेतलेल्या स्क्रीनच्या खोक्यावर रंगांच्या अचूकतेचा मोठा दावा होता आणि फिका तपकिरी तिच्यावर राखाडी दिसायचा. बदलून घ्यायला दुकानात बरेच खेटे घालावे लागले.

डाग बाद झाल्यावर हात रिकामे राहू नयेत म्हणून अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाउझन समुद्राची 2022 ची चित्रं पुन्हा लावली. त्या वर्षी तिथल्या पाच वसाहतींपैकी स्मायली बेट, व्हर्डी इनलेट, ब्रायन द्वीपकल्प आणि फ्रोग्नर पॉइंट या चार ठिकाणी पिल्लांना पोहता येण्याआधीच बर्फ फुटला. अंगावरची लव पाणी अडवत नाही, त्यामुळे पिल्लं वाचण्याची आशाच नव्हती. फक्त रॉथशिल्ड बेटावरची वसाहत तरली. स्मायलीचा डाग ऑक्टोबरात ठळक दिसतो आणि डिसेंबरात तिथे नुसतं काळं पाणी. ही जोडी मी आधीही पाहिली आहे, पण या वेळी बघवेना. हॅली बे या दुसऱ्या वसाहतीची गोष्टही आठवली. 2016 मध्ये बर्फ फुटला, सलग तीन हंगाम पिल्लं जवळजवळ जगलीच नाहीत, आणि बरेच पक्षी दक्षिणेला डॉसन-लॅम्ब्टनच्या वसाहतीकडे गेले. याच 2022 मध्ये अंटार्क्टिक कराराच्या बर्लिनमधल्या बैठकीत एम्पररला विशेष संरक्षित प्रजातीचा दर्जा देण्यावर एकमत झालं नाही. मला ते आजही टोचतं.

हे लिहिता लिहिताच पुढचा बेत बदलतोय. नवी वसाहत शोधायचा नाद मी थोडा बाजूला ठेवते. प्रत्येक ज्ञात वसाहतीखालचा बर्फ कधी जमला आणि कधी फुटला, त्या तारखांची वही जास्त मोलाची ठरेल. डिसेंबरच्या आधी फुटला की धोका, हा हिशोब सरळ आहे. फुटण्याची तारीख सेंटिनेल-2 वरून मिळते, ढग नसले तर. जमण्याची नाही, कारण एप्रिल-मेमध्ये तिथे अंधार पडत जातो. इथे सेंटिनेल-1 या दुसऱ्या उपग्रह-मालिकेचा रडार कामी येईल. त्याला रात्र आणि ढग आड येत नाहीत. डाग त्यात दिसणार नाही, पण स्थिर बर्फाची कड दिसते: लागोपाठच्या चित्रांत जो पोत हलत नाही तो स्थिर, जो सरकतो तो वाहता. म्हणजे पुन्हा तीच उघडझाप, जी सावल्यांसाठी केली. फक्त 2022 ची नोंद विरळ असेल, कारण त्या मालिकेतला सेंटिनेल-1बी डिसेंबर 2021 मध्ये बंद पडला होता. त्याचा पुढचा भाऊ 1सी डिसेंबर 2024 मध्ये वर गेल्याने पुढची वर्षं बरी जातील.

सुरुवात अमांडा बे, स्मायली आणि रॉथशिल्ड या तीन जागांपासून. अमांडा बे आणि रॉथशिल्ड मी घेते. स्मायलीला कुणी हात लावणार असेल तर तारीख ठरवण्याचा नियम आधी एक करून घेऊ: वसाहतीच्या डागाखालचा बर्फ सुटला तो दिवस धरायचा, खाडीचं तोंड उघडलं तो नाही. एप्रिलची पहिली रडार चित्रं आली की मी कामाला लागते.