आमची वाटचाल : शिरोलीची भट्टी आणि कोन्याचा पंप

आबांनी १९८६ साली शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एक क्युपोला भट्टी आणि सात माणसे घेऊन ओतकाम सुरू केले, तेव्हा आमचा माल कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या पलीकडे जात नव्हता. ऑइल इंजिनाचे फ्लायव्हील, पंपाच्या केसिंग, म्हणजे बाहेरची कवचे, आणि गुऱ्हाळाच्या चरकाचे रोलर एवढ्यावर घर चालत असे. पुढे इंडक्शन फर्नेस आली, मशिन शॉप आले, पुण्याच्या मोठ्या कंपन्यांचे जॉबवर्क आले. ही वाटचाल कोल्हापुरातील कोणत्याही मध्यम फाउंड्रीसारखीच आहे. वेगळे घडले ते एवढेच, की २००९ पासून आमच्या मालाचा जवळपास तिसरा हिस्सा तुर्कस्तानातील कोन्या शहरात जाऊ लागला आणि तुर्कस्तान युरोपीय महासंघात यावा की न यावा हा प्रश्न, जो शिरोलीत कोणाच्या गावीही नसतो, तो आमच्या खतावणीत येऊन बसला.

कोन्या हे मौलाना रुमींच्या समाधीचे गाव. तिची हिरवी घुमटी पाहायला जगभरातून लोक येतात; आम्ही मात्र तेथे प्रथम गेलो ते शेतीपंप बनवणाऱ्या एका कारखान्यात. त्या गावात शेतीची अवजारे, पंप आणि पिठाच्या गिरण्यांची यंत्रे बनवणारे इतके छोटे कारखाने आहेत, की उद्यमनगरच्या माणसाला परके वाटू नये. कारखान्याचे मालक आबांच्याच वयाचे होते. त्यांना सगळे ‘अबी’ म्हणत, म्हणजे थोरले भाऊ. आबा आणि अबी यांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्दही येत नव्हता, पण केसिंगवर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकण्याची दोघांची पद्धत एकच होती, आणि दुभाषा बाजूला उभा असताना पहिला दर त्या दोघांनी कागदावर आकडे लिहूनच ठरवला.

पहिल्या मोठ्या ऑर्डरने मात्र आम्हांला चांगलाच धडा शिकवला. चारशे केसिंग कोन्याला पोहोचल्या, मापे बरोबर आली, कडकपणा बरोबर आला, आणि तरीही सगळा माल एका कोपऱ्यात लाल पट्टी लावून ठेवला गेला. कारण असे, की आम्ही ‘ईएन १०२०४’ या मानकाप्रमाणे द्यायचे ‘३.१’ प्रमाणपत्र पाठवले होते, त्यावर प्रत्येक हीटचे, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचे, रासायनिक पृथक्करणही लिहिले होते, पण ती हीट कोणत्या केसिंगची हे मालावर ओतलेल्या अक्षरांत नव्हते. आमच्या पोरांनी हीट नंबर पिवळ्या रंगाने लिहिले होते आणि ते समुद्रप्रवासात पुसले गेले होते. माझा धाकटा भाऊ तेथे अकरा दिवस राहिला. नमुने कापून पुन्हा तपासणी झाली, तिचा खर्च आम्ही सोसला आणि परत आल्यावर प्रत्येक पॅटर्नवर, म्हणजे साचा पाडायच्या नमुन्यावर, हीट नंबरसाठी बदलती पट्टी बसवली. आजही ती पट्टी बसवल्याशिवाय साचा बंद होत नाही.

त्या अकरा दिवसांत भावाने अबींना एक साधा प्रश्न विचारला होता. तुमचा देश महासंघात नाही, मग हा युरोपचा नियम तुम्हांला कशासाठी हवा? अबींनी उत्तरादाखल टेबलाच्या खणातून एक छापील अर्ज काढून दाखवला. तो ‘ए.टी.आर.’ दाखला होता. तुर्कस्तान महासंघाचा सदस्य नसला तरी १९९६ च्या आरंभापासून त्याचा महासंघाशी सीमाशुल्क संघ आहे. कारखान्यात बनलेला माल या दाखल्यावर कोन्याहून हॅम्बुर्गला बिनाशुल्क जातो. माल मूळचा कोठला हे त्यात पाहिले जात नाही. आमच्या केसिंगवर तुर्कस्तानच्या बंदरात एकदा शुल्क भरले, की ती पंपात बसून जर्मनीत जायला मोकळी. याची किंमत म्हणून तुर्कस्तानने बाहेरच्या देशांसाठी महासंघाचेच शुल्कदर लावायचे आणि औद्योगिक मालाची मानके महासंघाचीच पाळायची. ताजा शेतमाल, सेवा आणि सरकारी खरेदी या संघाच्या बाहेर आहेत. म्हणजे शिरोलीतल्या आमच्या मोल्डरने हीट नंबरची पट्टी बसवली ती ब्रसेल्समध्ये बसलेल्या लोकांच्या नियमामुळे, आणि ते नियम ठरवताना अंकाराचा माणूस मतदानाला नव्हता.

ही स्थिती आम्हांला समजायला वेळ लागला नाही, कारण आम्ही स्वतः जॉबवर्कवाले आहोत. ड्रॉइंग कंपनीचे, पॅटर्न कंपनीचा, दर कंपनीचा, आणि रिजेक्शन आले तर ते आमचे. तुर्कस्तानचे महासंघाशी असलेले नाते नेमके असेच आहे. महासंघाने मेक्सिकोशी मुक्त व्यापाराचा करार केला, तो २००० पासून लागू आहे. त्यामुळे मेक्सिकोचा माल युरोपच्या बंदरात सवलतीने उतरून पुढे तुर्कस्तानात येऊ शकतो, पण तुर्कस्तानचा माल मेक्सिकोत जाताना पूर्ण शुल्क भरतो. कारण करार करताना टेबलावर तुर्कस्तान नव्हता आणि नंतर त्याच्याशी वेगळा करार करायची मेक्सिकोला घाई नव्हती. दक्षिण कोरियाशी महासंघाचा करार २०११ मध्ये लागू झाला, तुर्कस्तानला आपला वेगळा करार लागू करायला २०१३ उजाडले. अशा ओढाताणीत तुर्कस्ताननेही अनेक वस्तूंवर स्वतःचे जादा शुल्क लावले आणि महासंघाने त्याला आक्षेप घेतला, हेही खरेच. रस्त्यावरची गोष्ट आणखी वेगळी आहे. बल्गेरियाच्या सीमेवर कापिकुले येथे ट्रकांची रांग लागते, कारण माल मुक्त असला तरी ट्रकला प्रत्येक देशाचा परवाना लागतो आणि परवान्यांचा कोटा असतो. हंगेरीने तुर्की ट्रकांवर लावलेला कर सीमाशुल्क संघाच्या नियमांत बसत नाही, असा निकाल महासंघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये दिला, पण कोट्याचा प्रश्न संपला नाही. अबी म्हणायचे, की माझ्या पंपाला व्हिसा लागत नाही, मला लागतो.

या देशाने सदस्यत्वाची वाट किती काळ पाहिली आहे, हे आम्हांला तारखांवरून कळले. महासंघाच्या पूर्वसुरींशी झालेला सहयोगाचा अंकारा करार १९६३ चा. पूर्ण सदस्यत्वाचा अर्ज एप्रिल १९८७ मधला. आमच्या भट्टीला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. उमेदवार देशाचा दर्जा १९९९ मध्ये हेलसिंकीच्या बैठकीत मिळाला आणि वाटाघाटी ३ ऑक्टोबर २००५ रोजी सुरू झाल्या. क्रोएशियाच्या वाटाघाटीही त्याच वेळी सुरू झाल्या होत्या. क्रोएशिया १ जुलै २०१३ रोजी सदस्य झाला. वाटाघाटी विषयवार प्रकरणांत होतात; तुर्कस्तानची एकूण ३५ प्रकरणांपैकी १६ उघडली आणि विज्ञान व संशोधनाचे एकच तात्पुरते बंद झाले. व्हेंडर ऑडिटमध्ये, म्हणजे ग्राहक कंपनी पुरवठादाराची तपासणी करते तेव्हा, पस्तीस मुद्द्यांपैकी एकच निकाली निघाला, तर आमच्याकडे कंपनी दुसरा पुरवठादार शोधते. पण येथे ऑडिट अडले ते केवळ पुरवठादाराच्या चुकीने नव्हे. सायप्रस २००४ मध्ये सदस्य झाला, बेटाचा उत्तर भाग १९७४ पासून तुर्की सैन्याच्या ताब्यात आहे, आणि तुर्कस्तान सायप्रसच्या जहाजांना आपली बंदरे उघडत नाही म्हणून डिसेंबर २००६ मध्ये आठ प्रकरणे गोठवली गेली. मालाची मुक्त ने-आण, वाहतूक आणि सीमाशुल्क संघ ही तीन प्रकरणे, म्हणजे अबींच्या आणि आमच्या पोटापाण्याशी ज्यांचा संबंध तीच, त्या आठांत आहेत.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे आम्ही हलके मानत नाही. जर्मनीच्या नेत्या अँगेला मर्केल यांनी पूर्ण सदस्यत्वाऐवजी ‘विशेष भागीदारी’ सुचवली होती आणि फ्रान्सचे निकोला सार्कोझी तर उघडच विरोधात होते. त्यामागे गणित आहे. महासंघाच्या मंत्र्यांच्या परिषदेत बहुतेक निर्णयांना ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या लागते, आणि तुर्कस्तानची सुमारे साडेआठ कोटी लोकसंख्या जर्मनीपेक्षाही किंचित अधिक आहे. धर्माचे नाव फार जण उघडपणे घेत नाहीत, पण ते मनात नसते असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. मात्र सर्वांत खरा आक्षेप न्यायव्यवस्थेचा आहे. उस्मान कवाला हे तुर्की उद्योजक आणि समाजकार्यकर्ते ऑक्टोबर २०१७ मध्ये तुरुंगात गेले. त्यांना सोडावे असा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला, आणि तो तुर्कस्तानच्या सरकारने मानला नाही. वाटाघाटी ठप्प झाल्याचे महासंघाने २०१८ मध्ये अधिकृतपणे नोंदवले, त्यामागे जुलै २०१६ च्या फसलेल्या लष्करी उठावानंतरची धरपकड हे मोठे कारण होते.

व्यापाऱ्याला हा प्रश्न दूरचा वाटेल, पण आम्हांला तो भोवला आहे. तुर्कस्तानातीलच दुसऱ्या एका ग्राहकाने आमचे पैसे थकवले, तेव्हा तेथील वकिलाने खटल्याला किती वर्षे लागतील ते सांगितले आणि आम्ही रक्कम बुडीत खात्यात टाकली. अर्थात कोल्हापुरातल्या आमच्या एका दाव्याची तारीख तेव्हा सातव्यांदा पुढे गेली होती, त्यामुळे फार बोलायची सोय नव्हती. त्यातच तेथील चलन, लिरा, घसरत गेला. २०१० मध्ये एका डॉलरला दीड लिरा पडत असे, २०२५ मध्ये चाळीसच्या आसपास. तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून मे २०२५ मध्ये पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार टाकला, तेव्हा आम्हांलाही विचारणा झाली. आम्ही तेथून काही आणत नाही, तेथे विकतो, एवढेच सांगितले. सगळ्यांचे समाधान झाले असे नाही.

आमचे मत असे, की तुर्कस्तानला महासंघात घ्यावे, पण न्यायालये आणि वृत्तपत्रे यांबाबतच्या अटींत त्याच्या आकारामुळे किंवा लष्करी महत्त्वामुळे सूट देऊ नये; आणि तोवर ज्या नियमांनी त्याचे कारखाने चालतात ते ठरवताना त्याला किमान बसायला खुर्ची द्यावी. सीमाशुल्क संघ नव्याने बांधावा हा प्रस्ताव महासंघाच्या आयोगाने २०१६ मध्येच मांडला होता. तो मार्गी लावायला सायप्रसचा तंटा मिटण्याची आणि सदस्यत्वाची वाट पाहायला हवी होती, असे आम्हांला वाटत नाही.

अबी आता कारखान्यात येत नाहीत. त्यांच्या मुलाने प्लोव्हदिव येथे, म्हणजे कापिकुलेच्या पलीकडे बल्गेरियात, एक गोदाम भाड्याने घेऊन तेथे छोटी कंपनी नोंदवली आहे आणि पंपांची अखेरची जोडणी तो तेथे करतो. बल्गेरिया २००७ पासून सदस्य आहे, त्यामुळे तेथून पुढे ट्रकला परवाना लागत नाही. आमच्याकडे आता एकाच ड्रॉइंगच्या केसिंगच्या दोन पॅकिंग लिस्ट निघतात. पूर्वी सगळ्या पेट्यांवर कोन्या लिहिलेले असायचे, आता निम्म्याहून अधिक पेट्यांवर प्लोव्हदिव असते, आणि आमच्या पॅकिंगच्या मुलाला त्या नावाचे स्पेलिंग अजून दर वेळी विचारावे लागते.