ते पाणी मोरीत ओतायचं नाही

घरी पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा सर्किट बोर्ड, करायला शिकायला येणारी पोरं शेवटी हमखास विचारतात, "काका, बोर्ड झाला, आता हे पाणी मोरीत फेकून देऊ का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

नाही. ते पाणी म्हणजे बोर्डावरचं नको असलेलं तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराइड, आणि वापरलेलं नव्यापेक्षा घातक. बोर्डावरचा 35 मायक्रॉनचा तांब्याचा थर नाहीसा होत नाही, त्या पाण्यातच उतरतो. आपल्या नागपुरात मोरीतलं पाणी नाग नदीत, नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला. विरघळलेलं तांबं अगदी थोडं असलं तरी माशांना बाधतं, आणि वैनगंगेच्या मासळीवर कितीतरी चुली पेटतात. स्टीलसुद्धा या द्रावणापुढे टिकत नाही. जुन्या घरी माझ्या मोरीच्या जाळीला भोकं पडली, तेव्हा मला हे उमगलं.

आधीचं थोडक्यात. ड्राय फिल्म (बोर्डावर चिकटवून प्रकाशाने सर्किटचा नमुना उमटवायची पातळ फिल्म) डेव्हलप करायला लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम धुण्याचा सोडा पुरतो. कॉस्टिक सोडा शेवटी उरलेली फिल्म काढायला. तो डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे सुरुवातीपासूनच. एचिंगला, म्हणजे नको ते तांबं विरघळवायला, प्लॅस्टिकचा टब, खिडक्या उघड्या, आधी पाणी, मग चिमूट चिमूट फेरिक क्लोराइडची पूड. पुडीवर पाणी ओतलंत तर ते तापून अंगावर उडतं. मे महिन्यात आपल्या नागपुरात द्रावण गरम करावं लागत नाही, 40 अंशांना ते छान चालतं.

उरलेलं द्रावण नाव लिहिलेल्या कॅनमध्ये ठेवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच नाही, रंग तसाच दिसतो आणि घरात लेकरं असतात. कॅन भरला की मी त्यात धुण्याचा सोडा चमचा-चमचा घालतो. फसफसतं, थांबतो, पुन्हा घालतो. फेस येणं बंद झालं की तळाशी मातकट हिरवा गाळ बसतो. मग नवतपात, मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, उथळ टबात गच्चीवर ठेवतो, पाणी आपोआप आटतं. गाळाच्या खपल्या झाल्या की भुगा न उडवता जाड पिशवीत बांधायच्या, चिठ्ठी लावायची आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळ्या द्यायच्या.

टबावर जाळी मात्र घट्ट ताणून बांधतो. त्याच गच्चीवर चिमण्यांसाठी पाण्याचं मातीचं भांडं असतं, तहानलेल्या चिमणीला दोन्ही पाणी सारखंच.